जीमेलचे फिल्टर एकमेकांत अडकतात, बँकेचं स्टेटमेंट लेबलमध्ये जाणं बंद झालंय – मदत हवी आहे

चाफेकळी:
नमस्कार मंडळी. घरचे सगळे हिशेबाचे कागद एकाच जीमेल खात्यावर येतात: दोन बँका, म्युच्युअल फंड, विम्याचे हप्ते, पुण्यातल्या फ्लॅटचं आणि गावच्या घराचं वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स. त्यासाठी २२ लेबलं (मेलवर लागणाऱ्या चिठ्ठ्या) आणि ३५ फिल्टर (आलेल्या मेलची आपोआप वाटणी करणारे नियम) आहेत. अडचणी अशा:

१. एका बँकेचं मासिक स्टेटमेंट आपोआप ‘बँक’ लेबलमध्ये जायचं. मागच्या नोव्हेंबरपासून ते नुसतंच इनबॉक्समध्ये येतं. फिल्टर आहे तसाच आहे, त्याला हात लावलेला नाही.
२. त्याच बँकेच्या कर्जाच्या जाहिराती बाजूला काढायला ‘लोन’ या शब्दावर फिल्टर केला आणि ‘स्किप द इनबॉक्स’ला (मेल इनबॉक्समध्ये दाखवू नका) टिक केली. आता गृहकर्जाच्या व्याजाचं सर्टिफिकेटही जाहिरातींत जाऊन पडतं. स्टेटमेंटचा फिल्टर आधी आणि जाहिरातींचा नंतर चालावा असा क्रम कुठे लावायचा?
३. दोन घरांची वीजबिलं एकाच लेबलमध्ये मिसळतात.
४. प्रत्येक आर्थिक वर्षाचं वेगळं लेबल ठेवलंय, त्यामुळे दर एप्रिलला फिल्टर बदलत बसावं लागतं.

खटपट्या:
क्रमाची सोय सापडत नाही कारण जीमेलमध्ये ती नाहीच. आउटलुकमध्ये नियम वरखाली करता येतात आणि ‘पुढचे नियम थांबवा’ असंही सांगता येतं. थंडरबर्डमध्येही तसंच. जीमेलमध्ये मेल आला की जुळणारे सगळे फिल्टर त्याच्यावर चालतात. एकाने लेबल लावलं आणि दुसऱ्याने इनबॉक्समधून काढलं, तर दोन्ही गोष्टी होतात. तिसऱ्याने ‘डिलीट इट’ म्हटलं असेल तर तो मेल ट्रॅशमध्ये जातो आणि ३० दिवसांनी कायमचा पुसला जातो. म्हणून एकट्यादुकट्या शब्दावरच्या फिल्टरला डिलीट कधीच देऊ नका.

क्रमाचं काम वगळण्याने करायचं. जाहिरातींच्या फिल्टरमध्ये ‘डझन्ट हॅव’ हा रकाना आहे. त्यात स्टेटमेंट, सर्टिफिकेट, इंटरेस्ट, ओटीपी हे शब्द मेलमध्ये असतात तसेच, इंग्रजीत लिहा आणि दोन शब्दांच्या मध्ये मोठ्या लिपीतलं ‘ओआर’ (म्हणजे ‘किंवा’) टाका. छोट्या लिपीत लिहिलं तर तो साधा शब्द धरला जातो.

आणि फिल्टर थेट बनवू नका. शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करून रकाने भरा आणि आधी नुसतं ‘सर्च’ दाबा. निकालाची दोन-तीन पानं डोळ्यांखालून घाला. नको ते एकही दिसलं तर वगळायचे शब्द वाढवा. यादी स्वच्छ झाली की तोच फॉर्म पुन्हा उघडून ‘क्रिएट फिल्टर’. सर्टिफिकेट जाहिरातींत गेलं असतं ते इथेच दिसलं असतं. हे सगळं संगणकाच्या ब्राउझरवर करा, फोनच्या ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाहीत.

निरगुडी:
पहिल्या अडचणीचं बहुतेक उत्तर ‘नोव्हेंबरपासून’ या शब्दात आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपलं संकेतस्थळ ‘डॉट बँक डॉट इन’ या डोमेनवर (पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या नावावर) न्यायला ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली होती. त्याबरोबर बँकेने मेल पाठवायचा पत्ताही बदलला असेल, तर जुना पत्ता धरून बसलेला फिल्टर काही न सांगता निकामी होतो. फिल्टर जुळला नाही तर जीमेल इशारा देत नाही.

ऑक्टोबरचं आणि डिसेंबरचं, अशी दोन स्टेटमेंट उघडा. पाठवणाऱ्याच्या नावाखालच्या छोट्या बाणावर क्लिक केलं की पूर्ण पत्ता दिसतो. ‘@’च्या पुढचा भाग जुळवून बघा. वेगळा निघाला तर ‘फ्रॉम’च्या रकान्यात जुना आणि नवा दोन्ही पत्ते ठेवा, मध्ये ‘ओआर’. जुना काढू नका.

पाटपाणी:
पत्त्यांच्या मागे कशाला लागायचं? ‘फ्रॉम’मध्ये नुसतं बँकेचं नाव लिहा. पत्ता कितीही वेळा बदलला तरी चालेल.

निरगुडी:
पाटपाणी, हे कृपया करू नका. त्या रकान्यात नुसतं नाव लिहिलं की ते पत्त्याशी जुळतं तसंच पाठवणाऱ्याने स्वतःला दिलेल्या नावाशीही जुळतं, आणि ते नाव कुणीही काहीही ठेवू शकतं. भामट्याने बँकेचं नाव लावून मेल पाठवला तर तुमचाच फिल्टर त्यावर ‘बँक’ची चिठ्ठी चिकटवणार. वर ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ला टिक असेल तर जीमेलची गाळणीही तुम्ही स्वतःच बाजूला केली. मग खऱ्या स्टेटमेंटच्या रांगेत खोटा मेल बसतो आणि आपण लेबल बघून विश्वास ठेवतो. बँक, विमा, आयकर यांच्या फिल्टरमध्ये नेहमी पूर्ण पत्ता लिहावा.

नवा पत्ता खरा आहे का, याची शंका असेल तर मेलच्या तीन ठिपक्यांतून ‘शो ओरिजिनल’ उघडा. तिथे एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय का हे तपासणाऱ्या चाचण्या) या तिन्हींपुढे ‘पास’ असावं आणि पत्त्यातलं डोमेन बँकेचंच असावं. नुसतं ‘पास’ पुरत नाही, भामट्याच्या स्वतःच्या डोमेनलाही पास मिळतो.

खटपट्या:
वीजबिलांसाठी ग्राहक क्रमांक वापरा. महावितरणचा क्रमांक १२ अंकी असतो. दोन घरांचे दोन फिल्टर करा: पाठवणाऱ्याचा पत्ता दोन्हींत सारखाच, पण ‘हॅज द वर्ड्स’मध्ये त्या त्या घराचा पूर्ण क्रमांक. शेवटचे चार अंक टाकून चालणार नाही, कारण जीमेल अर्धा शब्द किंवा अर्धा आकडा शोधत नाही. मेलमध्ये क्रमांक फुल्या मारून अर्धवट झाकलेला असेल तर तो जसा छापलाय तसाच शोधून बघा. नाहीच जमलं तर मेलमध्ये ग्राहकाचं नाव असेल ते धरा, दोन जोडण्या बहुतेक दोन नावांवर असतात.

मराठीत येणाऱ्या मेलना हाच नियम थोडा जाचतो. ‘देयक’ लिहिलं म्हणून ‘देयकाचा’ सापडेल असं धरून चालू नका. विभक्ती लागलेली रूपंही ‘ओआर’ने जोडा.

वर्षाची लेबलं मात्र काढूनच टाका. लेबलने ‘हे काय आहे’ एवढंच सांगावं, तारीख मेलवर असतेच. जुलैत रिटर्न भरताना ‘बँक’ लेबल उघडून शोधपट्टीत ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ हे शब्द इंग्रजीत, प्रत्येकापुढे विसर्गासारखे दोन ठिपके आणि लगेच तारीख, अशी जोडा: आफ्टर २०२५/०४/०१, बिफोर २०२६/०४/०१. ‘बिफोर’मध्ये तो दिवस धरला जात नाही, म्हणून ३१ मार्चपर्यंतचंच येतं. लेबल पुसलं तरी मेल पुसले जात नाहीत, पण आधी त्यांना ‘बँक’ लेबल लागलंय ना ते बघा.

चाफेकळी:
दोघांचेही मनापासून आभार. पत्ता खरंच बदललेला होता, दोन्ही पत्ते टाकले. पण नोव्हेंबरपासूनचे मेल अजून इनबॉक्समध्येच आहेत. शिवाय बिल भावाला पाठवलं आणि त्याचं उत्तर आलं की लेबलमध्ये गेलेलं बिल पुन्हा इनबॉक्समध्ये दिसतं.

निरगुडी:
फिल्टर पुढे येणाऱ्या मेलवर चालतो. जुन्यांसाठी तो फिल्टर ‘एडिट’ करा, ‘कंटिन्यू’ दाबा आणि ‘ऑल्सो अप्लाय फिल्टर टू मॅचिंग कॉन्व्हर्सेशन्स’ला टिक करून जतन करा. लेबल लावणं आणि इनबॉक्समधून काढणं जुन्यांनाही लागू होईल, फॉरवर्ड मात्र होणार नाही.

भावाचं उत्तर हा वेगळा मेल आहे, त्याचा पत्ता फिल्टरशी जुळत नाही, म्हणून तो इनबॉक्समध्ये उतरतो. संभाषण एकत्र दाखवलं जात असल्याने बिलही त्याच्याबरोबर वर येतं. ‘सेटिंग्ज’च्या ‘जनरल’ पानावर ‘कॉन्व्हर्सेशन व्ह्यू ऑफ’ करा, दोघं सुटे होतील.

विम्याच्या हप्त्याच्या सूचनांना ‘स्किप द इनबॉक्स’ दिलं असेल तर ते आजच काढा. त्यांना लेबल, तारा आणि ‘कॅटेगराइज ॲज प्रायमरी’ द्या, म्हणजे त्या प्रमोशन्सच्या टॅबमध्येही जाणार नाहीत. ज्याला शेवटची तारीख आहे ते डोळ्यांसमोरच राहायला हवं.

खटपट्या:
बदल करण्याआधी ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस’च्या पानावर खाली ‘सिलेक्ट ऑल’ आणि मग ‘एक्स्पोर्ट’ दाबा. सगळे ३५ फिल्टर एका एक्सएमएल फाइलमध्ये उतरतात. काही बिघडलं तर त्याच पानावरून ‘इम्पोर्ट’ करता येतं. फक्त आधी बिघडलेले फिल्टर पुसा, नाहीतर जुने-नवे दोन्ही चालत राहतील.