जुने प्रेमाचे आणि फायटिंगचे पिक्चर परत बघितलाय काय? आपापला अनुभव सांगा

टिळकवाडी, बेळगाव

मंडळी, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने तिला बाहेर पडता येईना, त्यात बेळगावचा पाऊस म्हणजे तुम्हाला काय सांगायचं, तर आम्ही रोज संध्याकाळी सातला एक जुना पिक्चर असा नेमच लावून घेतला. एक दिवस तिच्या आवडीचा, म्हणजे हलकाफुलका प्रेमाचा, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आवडीचा मारामारीचा. आम्ही दोघंही सिनेमाचे जाणकार नाही, कॅमेरा बिमेरा काही कळत नाही, चहा घेऊन बसायचं आणि बघायचं.

पहिला लावला छोटी सी बात, बासू चटर्जींचा, 1976 चा. मला लहानपणी टीव्हीवर बघितलेलं एवढंच आठवत होतं की अमोल पालेकर बसस्टॉपवर विद्या सिन्हाच्या मागे उभा असतो आणि असरानी स्कूटरवरून येऊन तिला घेऊन जातो. या वेळी लक्षात आलं की तो माणूस अर्धा पिक्चर मनातल्या मनातच बोलतोय, तोंडातून शब्द फुटत नाही, शेवटी खंडाळ्याला अशोक कुमारकडे जाऊन शिकून येतो तेव्हा कुठे. मी हसत होतो आणि आई गप्प. विचारलं तर म्हणाली, "मला गोष्ट नाही रे दिसत, मला साडेनऊची बस दिसते." नोकरीची पहिली पाच वर्षं ती रोज तशाच रांगेत उभी राहायची, पर्समध्ये डबा, हातात छत्री. हे तिने मला पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, पिक्चर लावला म्हणून निघालं.

तर विचारायचं असं की तुम्ही अलीकडे असा कुठला पिक्चर परत बघितलात, आणि या वेळी काय वेगळं दिसलं? आपल्या सीमाभागात घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि थेटरात हिंदी असंच सगळ्यांचं गेलंय. माझा एक अंदाज आहे की फायटिंगला भाषा लागत नाही पण हसायला लागते. पटतंय काय बघा. परीक्षण नको, कुठे बघितला, कुणाबरोबर बघितला ते लिहा.

निपाणीहून

आमच्या घरात एकच उत्तर, अशी ही बनवाबनवी. 1988 ला आला तेव्हा मी आठवीत होते. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी, सुट्टी म्हणून मिळायची नाही, पण त्या रविवारी आम्हा पाचही जणांना यष्टीत बसवून कोल्हापूरला नेलं, चाळीस किलोमीटर, मॅटिनी बघितली, मिसळ खाल्ली आणि शेवटच्या गाडीने परत. वडिलांना एवढं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं, डोळ्याला पंचा लावून हसत होते.

आता मुलगा पुण्यात नोकरीला लागलाय, तीन महिने खोली शोधत होता. एकट्या पोराला नको, चौघं असाल तर अजिबातच नको, एजंटाला वेगळे पैसे. त्या काळात एका रात्री मी परत लावला आणि पहिल्यांदाच कळलं की हा पिक्चर खोली मिळत नाही याचाच आहे की! सचिन आणि लक्ष्या साडी नेसतात ते डोक्यावर छप्पर पाहिजे म्हणून. तेव्हा आम्ही साडीला हसलो. या वेळी दार वाजलं की माझ्या पोटात गोळा यायचा, आता यांचं बिंग फुटलं तर ही पोरं रात्री जाणार कुठं. हृषीकेश मुखर्जींचा बीवी और मकान नावाचा 1966 चा पिक्चर आहे, त्यावरूनच हा घेतलाय, म्हणजे खोलीचं दुखणं तेव्हापासूनचं.

आणि अजून एक. त्या चौघांतले सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे दोघंही 2004 सालातच गेले. चौघं एका फ्रेममध्ये आले की मी जरा वेळ थांबवून ठेवते. वडीलही नाहीत आता.

चिकोडीहून

अंदाजाबद्दल लिहितो. (आमच्याकडं बायका पण लिहितो, जातो असंच म्हणतात, तेव्हा गैरसमज नको.) माझं माहेर मराठी, सासर कन्नड. लग्न झालं तेव्हा सासूबाईंना मराठी नीट यायचं नाही आणि मला कन्नड म्हणजे ऊटा आयतु, जेवण झालं काय, एवढंच. दुपारी दोघी एका खोलीत, बोलायचं काय. एकदा केबलवर धूमधडाका लागला, महेश कोठारेंचा 1985 चा. मी हसायला लागलो तर अत्ती (कन्नडमध्ये सासूबाई) पण हसायला लागल्या, माझ्याआधीच! मला वाटलं माझ्याकडं बघून हसतात. तर म्हणाल्या हे आमचंच की, प्रीती माडू तमाशे नोडू, कन्नड नट शंकर नाग आणि द्वारकीशचं, 1979 चं. पोरगा बापाला सिनेमाची गोष्ट ऐकवतो आणि बाप घाबरत जातो ते त्यांना आधीच माहीत. आमच्यात लक्ष्मीकांत बेर्डे सांगतोय आणि शरद तळवलकर ऐकतायत, त्यांच्यात द्वारकीश. मागनं कळलं की मूळ तमिळ आहे 1964 चं, काधलिक्क नेरमिल्लै, आणि हिंदीत प्यार किये जा, त्यात मेहमूद आणि ओम प्रकाश.

मग आम्ही गंमतच केली, एका दिवशी त्यांचं एका दिवशी माझं. त्या पुढं काय होणार ते कन्नडमध्ये सांगायच्या, मी मराठीत, असं करत मला कन्नड आलं. पुस्तकातनं नाही आलं. मागच्या दिवाळीत दोन्ही परत बघितलं, आता अत्तींना ऐकायला कमी येतंय, तरी ती गोष्ट सांगायची जागा आली की त्या पदराआड तोंड धरून हसतात. म्हणून म्हणतो, हसायला भाषा लागते हे मला पटत नाही.

अथणीहून

माझा धाकटा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. त्याला प्रेमाचे पिक्चर कंटाळवाणे वाटायचे, नुसते ओठ हलतात म्हणून. पण व्हिडिओ सेंटरवर जॅकी चॅनची पोलीस स्टोरी आली, 1985 ची, आणि त्या दिवशी मी आणि तो सारखे प्रेक्षक होतो कारण मला पण एक शब्द कळत नव्हता. मॉलमध्ये दिव्यांच्या माळा फोडत खांबावरून खाली येतो ते त्याने घरी येऊन आईला हाताने करून दाखवलं. शेवटी नावं येतात तेव्हा शूटिंगमध्ये चुकलेले, पडलेले शॉट दाखवतात, लागलेलं दाखवतात, ते त्याचं सगळ्यात आवडतं. गेल्या महिन्यात त्याच्या पोराला दाखवला. पोराला ऐकू येतं, पण भावाने आवाज बंद करून लावला आणि पोरगं शेवटपर्यंत हललं नाही.

कॅम्प, बेळगाव

मी एमएलआयचा, म्हणजे फौजेतल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा, पंधरा वर्षं नोकरी करून घरी आलोय. आमच्या कॅम्पात ग्लोबला इंग्रजी पिक्चर लागायचे, पोरं पोस्टर बघून आत जायची. डाय हार्ड बघितला तेव्हा मी शाळेत, इंग्रजी शून्य, एवढंच कळलं की उंच बिल्डिंग आहे, चोर घुसलेत आणि एक माणूस अनवाणी पायाने काचांवरून पळतोय. तेवढ्यात पैसे वसूल.

निवृत्त झाल्यावर बायकोबरोबर परत बघितला. खाली शब्द येत होते त्यामुळे सगळं कळलं आणि मी सुन्नच झालो. हा नवराबायकोचा पिक्चर आहे हो! तो न्यूयॉर्कला पोलीस, ती नोकरीसाठी लॉस एंजेलिसला पोरांना घेऊन गेलेली, ख्रिसमसला तो भेटायला येतो. ऑफिसच्या खाली मशीनवर तिचं नाव शोधतो तर स्वतःच्या आडनावाखाली ती सापडतच नाही, तिने माहेरचं लावलंय. त्याचा तिथला चेहरा मी शाळेत असताना बघितलाच नव्हता, कधी एकदा गोळीबार सुरू होतोय त्याची वाट बघत होतो.

माझ्या पंधरा वर्षांत बायको इथे एकटी, दोन पोरं, सासू आजारी. सुट्टीवर आलो की पहिले चार दिवस घरात कुठली वस्तू कुठे आहे ते विचारत फिरायचो, आणि ती माझ्याशी पाहुण्यासारखी बोलायची. तो पिक्चर संपल्यावर आम्ही त्यावर पहिल्यांदा बोललो, रात्री दीड वाजेपर्यंत. त्या सगळ्या बॉम्बगोळ्यात पंचवीस वर्षं मला ही गोष्ट दिसली नाही, कारण भाषा येत नव्हती आणि लग्नही झालं नव्हतं. तेव्हा टिळकवाडीच्या भावा, तुझा अंदाज माझ्या बाबतीत तरी उलटा आहे, फायटिंगलाच भाषा लागली.

संकेश्वरहून

मी तेवीस वर्षांची आहे, पप्पांबरोबर नव्वदीतले प्रेमाचे बरेच पिक्चर बघितले. एक प्रामाणिकपणे सांगते, मुलगी नाही म्हणते तरी हिरो मागे मागे फिरतो, गाणं म्हणतो, मित्र घेऊन येतो आणि शेवटी ती हो म्हणते, हे बघताना मला त्रास होतो, कारण कॉलेजला जाताना बसमध्ये हे मी भोगलंय. पप्पा आधी म्हणाले अगं पिक्चर आहे तो. मग मी त्यांना बसमधलं सांगितलं. त्यानंतर आम्ही अंदाज अपना अपना लावला. तो 1994 मध्ये थेटरात चालला नव्हता म्हणे, पुढे टीव्हीवर घरोघरी झाला. त्यात दोघं पैशासाठीच मुलीच्या मागे आहेत हे पिक्चर पहिल्यापासून उघड सांगतो आणि त्यांनाच मूर्ख ठरवतो, म्हणून मला तो चालतो. छोटी सी बात मी अजून ठरवू शकले नाही.

खानापूरहून

रिक्षा चालवतो, बेळगाव स्टँडवर सव्वीस वर्षं. आमच्या गावात जत्रेला तंबू टॉकीज यायचं, खाली वाळूत बसायचं, पुढं पोरं, मागं बाया. तिथं ऑटो राजा बघितला, शंकर नागचा. शाळा मराठी, कन्नड कायबी कळत न्हवतं, पण रिक्षावाला हिरो हाय एवढं कळालं आणि तिथंच ठरवलं. माझ्या रिक्षात पहिल्या दिवसापास्नं त्यांचा फोटो हाय. कर्नाटकात कुठंबी जावा, दहा रिक्षांत एका तरी रिक्षावर शंकरण्णा दिसणारच.

30 सप्टेंबर 1990 ला दावणगेरीजवळ अपघातात गेले, पस्तीस वर्षांचे होते. मी तवा दुसऱ्याची रिक्षा चालवायला शिकालतो. स्टँडवर मराठी कन्नड समदे एका फोटोम्होरं उभारलेले, कुणी काय बोलंना.

आता पाशिंजर येईस्तोवर मोबाईलवर बघालोय. फायटिंग म्हणाल तर खरं सांगतो, आत्ताच्या पोरांना चालणार न्हाई, ठोसा एकीकडं आणि आवाज एकीकडं, पडणारा आधीच पडायच्या तयारीत. पण मला आता कन्नड येतंय न्हवं, तर बोलणं ऐकालोय. लहानपणी फायटिंगच्या मधी जे बोलणं यायचं ते कवा संपतंय असं व्हायचं, आता फायटिंग पुढं ढकलतो आणि बोलणं ऐकतो.

आणि एक पाशिंजर, मास्तर होते रिटायर, फोटो बघून म्हणाले तुझ्या शंकर नागानं मुंबईत मराठी नाटकं केलीत, माहीत हाय काय? आणि 22 जून 1897 हा मराठी पिक्चर, चाफेकर बंधूंचा, 1979 चा, तो लिहिणाऱ्यांत बी ते होते. मी रिक्षा कडंला घेतली. होन्नावरचा माणूस, कन्नडचा हिरो, आणि आमच्या भाषेत काम केलंय, आणि मला पंचवीस वर्षं कुणी सांगितलं न्हाई. त्या मास्तरांकडनं भाडं घेतलं न्हाई मी. घ्या म्हणालेत लई, पण न्हाई घेतलं.

वडगावहून

आमचा माग आहे, साड्या विणतो. शोले सगळ्यांनीच बघितलाय, त्याचं काय सांगायचं, पण माझे काका शोले कधी बघायचे नाहीत. मागावर त्यांची उजव्या हाताची तीन बोटं गेलेली. ठाकूरची शाल वाऱ्याने उडते ती जागा यायच्या आधी ते उठून अंगणात जायचे. आम्ही पोरं जय वीरू खेळण्यात, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दोन वर्षांमागे मुलाकडे बंगळूरला गेलो तेव्हा रामनगरला जाऊन आलो. आम्हा विणकरांना रामनगर म्हणजे रेशमाच्या कोषांचा मोठा बाजार, आणि शोलेचे खडक पण तिथलेच! रामदेवर बेट्ट आता गिधाडांसाठी राखीव आहे. खडकाखाली उभा राहून काकांची फार आठवण आली. घरी येऊन परत बघितला आणि या वेळी बसंती वीरूची बडबड नाही, ठाकूरच बघत राहिलो. मूळ शेवट असा होता की ठाकूर स्वतः पायांनी गब्बरला मारतो, पण 1975 ला सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि पोलीस येतात. काकांना तो पहिला शेवट बघायला मिळायला हवा होता असं वाटत राहिलं.

टिळकवाडी, बेळगाव

सगळं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. वडगावच्या काकांचं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. चिकोडीच्या वहिनींचं परत एकदा वाचायला लावलं. संकेश्वरच्या मुलीचं ऐकून म्हणाली, "तिला सांग, त्या रांगेत आमच्या पण मागे उभे राहायचे, सगळे काही अमोल पालेकर नव्हते."

काल ती काठी घेऊन पहिल्या रेल्वे गेटपर्यंत चालून आली. आज सातला ऑटो राजा लावतोय. मला कन्नड कचेरीपुरतं येतं, तिला चांगलं येतं, ती बाजूला बसून सांगणार आहे. बाकीच्यांनी लिहीत राहा, गोकाक, हुक्केरी, रायबागवाले अजून कोणी आले नाहीत.