मदत हवी आहे: कॅस्केडवाल्या पेल एलला जर्मन हॉप्स कसे बसवावेत?

राम राम मंडळी. जळगावात घरीच पेल एल ही बिअर करतो. नेहमीची कृती कॅस्केड या अमेरिकन हॉप्सवर (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांवर) बेतलेली: २० लिटरला साडेचार किलो पेल माल्ट, पाव किलो क्रिस्टल माल्ट, ६० मिनिटांच्या उकळीला ४० ग्रॅम कॅस्केड, शेवटच्या १० मिनिटांना ३० आणि ड्राय हॉपिंगला (न उकळता, आंबवताना हॉप्स घालतात त्याला) पुन्हा ४०. कॅस्केड संपलाय. मावसभाऊ म्युनिकहून येताना मॅग्नम, हालरटाउ मिटलफ्र्यू आणि मँडारिना बव्हेरिया घेऊन आला, तर आता सगळे जर्मनच वापरायचेत.

कडवटपणाचा हिशोब जमलाय. कॅस्केडचा अल्फा (हॉप्समधलं कडवटपणा देणारं आम्ल) ६ टक्के होता, मॅग्नमच्या पाकिटावर १२ लिहिलाय, म्हणजे ४० ग्रॅमच्या जागी २०. मिटलफ्र्यू जेमतेम ४ टक्क्यांचा. त्याच्यावर तेवढाच कडवटपणा काढायचा तर ६० ग्रॅम उकळावे लागतील, आणि एवढा पाला पडला की गवताळ तुरटपणा उतरतो. त्यामुळे तो शेवटालाच घालणार.

अडलंय ते वासापाशी. मँडारिना २०१२ साली ह्यूलच्या हॉप संशोधन केंद्रातून बाहेर आला. कॅस्केड ही त्याची आईच, म्हणून संत्र्याचा वास त्याच्याकडून मिळेल. मिटलफ्र्यूचा वास फुलांचा, किंचित मसालेदार. आमच्याकडे बिअरसोबत ताटात शेवभाजी असते. त्या तिखटावर कडवट बिअर घेतली की जीभ आणखी पोळते. मला कडवटपणा मऊ हवाय, पण संत्र्याचा वास दबलेला अजिबात चालणार नाही.

तर शेवटच्या १० मिनिटांना मिटलफ्र्यू आणि ड्राय हॉपिंगला नुसता मँडारिना, असं करावं का? की दोन्ही वेळा मिश्रण? मॅग्नम २० वरून १५ ग्रॅमवर आणला तर बिअर गोडसर तर लागणार नाही?

बोअरचं पाणी जड आहे. ते उकळून, निवळून त्यात निम्मं आरओचं मिसळतो. जड पाण्यात कडवटपणा टोचतो, म्हणून हे आधीच सांगितलं. यीस्ट यूएस-०५. बाहेर ४४ अंश असले तरी जुन्या फ्रिजला कंट्रोलर लावून १९ अंश राखतो.

अजून एक. पाकिटं आता फ्रीजरमध्ये आहेत, पण मुंबईहून इथवर भर मे महिन्यात रेल्वेच्या साध्या डब्यातून आली. उष्णतेने अल्फा उतरतो. छापलेला आकडा तसाच धरू की थोडा कमी? मँडारिना कुणी वापरला असेल त्यांनी ग्रॅममध्ये सांगितलं तर फार बरं होईल.