दोन अपत्यांची सक्ती सगळ्यांना लावावी का?

गोदाकाठ:
एप्रिल २०२३ मध्ये लोकसंख्येत आपण चीनला मागे टाकलं, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आला. १९५१ साली देशात ३६ कोटी माणसं होती, २०११ च्या जनगणनेत १२१ कोटी झाली. पाणी मात्र तेवढंच. दरडोई उपलब्धता ५१७७ घनमीटरवरून १५४५ वर आली. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी शेतजमीन ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४ राहिली. आमच्या एका गटाच्या सातबाऱ्यावर आजोबांचं एकट्याचं नाव होतं, आता अकरा नावं आहेत. विहीर सामाईक, त्यामुळे मोटार कोणी कधी लावायची यावरून सख्खे चुलतभाऊ पोलीस ठाण्यापर्यंत गेले. झाडं तोडून बांध कोरला जातो तोही यामुळेच. आपल्या राज्यात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येत नाही. २००५ पासून सरकारी नोकरीलाही तशीच अट आहे. हीच अट सरकारी योजनांच्या लाभालाही लावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाडेकर:
सपशेल असहमत. मी शहापूर तालुक्यातला. भातसा, तानसा, मोडकसागर, तिन्ही धरणं आमच्या उशाला, पाणी मात्र मुंबईला. तानसा तर १८९२ चं. तरी उन्हाळा लागला की आमच्या पाड्यांवर टँकर. तो विहिरीत पाणी ओततो, ते गढूळ होतं आणि निवळायच्या आत बाया दोर-कळशी घेऊन तुटून पडतात, कारण थांबलं तर वाटणीला चिखल येतो. शहराला माणशी रोज १३५ लिटरचा निकष आणि टँकरच्या गावाला २० लिटरचा. आमच्यात माणसं जास्त झाली म्हणून हे झालेलं नाही.

गोदाकाठ:
पाडेकर, तुमचा राग रास्त आहे. पण त्या जलवाहिनीच्या दुसऱ्या टोकाला २०११ मध्येच सव्वा कोटी माणसं होती. ती वाढली म्हणूनच मध्य वैतरणा बांधावं लागलं आणि आता गारगाई धरणाचा घाट आहे. त्यातही जंगल आणि आदिवासींची घरंच जाणार. आकड्यांचा भार शेवटी तुमच्यावरच येतो, मग आकडा कमी व्हावा असं तुम्हाला का वाटू नये?

सिस्टर_मराठवाडा:
आकडा कमी झालाय हो! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशाचा प्रजनन दर २.० आला, महाराष्ट्राचा १.७. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. ज्या राज्यात बायकांना सरासरी दोनही मुलं होत नाहीत, तिथे दोनची सक्ती कोणावर करणार?

आणि सक्ती झाली की ती कोणाच्या अंगावर येते ते मी रोज बघते. त्याच सर्वेक्षणात देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदी सुमारे ३८ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. टाक्याच्या शस्त्रक्रियेला बाई येते ती पहाटे, उपाशीपोटी, तान्हं मूल सासूच्या मांडीवर. नवऱ्याला ‘तुम्ही का नाही? तुमची शस्त्रक्रिया सोपी आहे, टाकाही लागत नाही’ म्हटलं की तो बाहेर निघून जातो आणि सासू म्हणते, ‘त्याला कामं करायची असतात.’ जणू ही घरी बसून असते.

दोनच मुलं आणि त्यातला एक मुलगा हवाच, हा हिशेब घरोघरी आहे. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. तुमची अट योजनांना लावलीत, तर तिसऱ्या खेपेच्या बाईचं रेशन तुटेल. मुलगा हवा म्हणून अडून बसलेल्याचं काय बिघडेल?

जुनाजाणता:
सिस्टरांना अनुमोदन. १९७६-७७ या एकाच वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी झाल्या, कित्येक जबरदस्तीच्या. पुरुष-नसबंदीचं नाव त्यानंतर जे बदनाम झालं ते अजून सावरलं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, लोकांची बोलणी खाल्ली, पण समजावून सांगायचा रस्ता सोडला नाही. तोच रस्ता चालला.

गोदाकाठ:
सक्तीने माणसं धरून न्यावीत असं मी कुठेही म्हटलेलं नाही. दर १.७ आला तरी आज वयात आलेली पिढीच इतकी मोठी आहे की एकूण संख्या आणखी काही दशकं वाढतच राहणार. तोवर जमीन कुठून आणायची, याचं उत्तर इथे कोणी दिलेलं नाही.

लाल_माती:
कोकणातून लिहितो, शिक्षक आहे. आमच्या वाडीतली शाळा पटाअभावी बंद व्हायच्या बेतात आहे. घरांना कुलपं, मागे फक्त म्हातारी माणसं. ‘मुलं कमी करा’ हे इथे कोणाला सांगू?

सिस्टर_मराठवाडा:
गोदाकाठ, तुमच्या त्या अकरा नावांत बहिणींची किती आहेत? आमच्याकडे हक्कसोड लिहून घेऊन बहुतेक मुलींना वाटणीतून काढतात, तरी भावाभावांत जमीन पुरत नाही. जिला जमीन नाही, तिला म्हातारपणासाठी मुलगा हवाच असतो. अट लावायचीच तर ही लावा: मुलीच्या नावावर वाटणी झाल्याशिवाय सातबाऱ्यावर वारसनोंद नाही. मग बघा, तिसऱ्या खेपेला किती जणी येतात.

गोदाकाठ:
एकही नाही. तिघी आत्यांनी हक्कसोड दिलंय. तुमची अट मला मान्य आहे, पण माझीही मी सोडत नाही.