पीसीके१ची अँटिबॉडी: यकृतात जादा पट्टे कुठून येतात?

प्रश्न: उंदराच्या यकृतात पीसीके१ (उपाशीपोटी साखर बनवायला लागणारं एन्झाइम) बघतेय, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखायची पद्धत). पट्टा ६९ किलोडाल्टनच्या आसपास हवा, तो येतो. पण ७५ आणि १३०लाही ठसठशीत पट्टे आहेत, उपाशी आणि खाल्लेल्या दोन्ही उंदरांत सारखेच! प्रायमरी (पीसीके१ला धरणारी पहिली अँटिबॉडी) आणखी पातळ केली, तरी ते जसेच्या तसे. सेकंडरी (प्रायमरीला धरणारी दुसरी अँटिबॉडी) बायोटिन हे जीवनसत्त्व जोडलेली, वर स्ट्रेप्टॅव्हिडिन-एचआरपी (बायोटिनला घट्ट धरणारं प्रथिन, त्याला पट्टा उमटवणारं एन्झाइम एचआरपी जोडलेलं). अँटिबॉडी बदलू का? फार महाग आहे हो.

उत्तर १: थांबा, अँटिबॉडीला दोष देऊ नका. यकृतातल्या पायरुव्हेट कार्बोक्झिलेज या एन्झाइमला मुळातच बायोटिन जोडलेलं असतं, तेच तुमचं १३०. ७५च्या आसपास प्रोपिओनिल आणि मिथाइलक्रोटोनिल कोए कार्बोक्झिलेजचे बायोटिनवाले भाग. स्ट्रेप्टॅव्हिडिन थेट त्यांनाच धरतं. मेम्ब्रेनचा (प्रथिनं उतरवलेल्या पडद्याचा) एक तुकडा दोन्ही अँटिबॉडींशिवाय नुसत्या स्ट्रेप्टॅव्हिडिनमध्ये ठेवून बघा.

उत्तर २: अगदी बरोबर. यकृत, मूत्रपिंडासाठी एचआरपी जोडलेलीच सेकंडरी घ्या. आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन वापरताना दुधात ब्लॉक (मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाकणं) नको, दुधातही बायोटिन असतं; बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या.

प्रश्नकर्ती: करून बघितलं. नुसत्या स्ट्रेप्टॅव्हिडिनवर ७५ आणि १३० दोन्ही उमटले, ६९चा नाही. लॅबमध्ये एचआरपीवाली अँटी-रॅबिट (सशाच्या अँटिबॉडीला धरणारी सेकंडरी) पडून होती, ती लावली: एकच पट्टा, उपाशी उंदरांत गडद, खाल्लेल्यांत फिका. मनापासून आभार!