मुलं जगतात ती देश श्रीमंत झाल्यामुळे, की सरकारने काही ठरवल्यामुळे?

काठावरचा
१९९० साली जगभरात पाच वर्षांखालची सुमारे सव्वा कोटी मुलं दगावली. २०२२ मध्ये हा आकडा ४९ लाखांवर आला. ‘उत्पन्न वाढलं की हे होणारच’ म्हणणाऱ्यांनी इक्वेटोरियल गिनीकडे बघावं. तेल सापडलं आणि दरडोई उत्पन्न बांगलादेशच्या कितीतरी पुढे गेलं. तरी तिथलं बालमृत्यूचं प्रमाण बांगलादेशच्या दुपटीहून जास्त आहे. माझ्या मते दवाखान्याच्या दारात किती पैसे मागायचे, घरोघरी कोणाला पाठवायचं, असल्या किरकोळ वाटणाऱ्या निर्णयांवर मुलाचं जगणं जास्त अवलंबून असतं. पटत नसेल तर बिनधास्त मांडा.

रोखठोक
मांडतो. तेलाचा पैसा मूठभरांनी गिळला, त्याला आर्थिक वाढ म्हणत नाहीत. लोकांच्या हाती पैसा आला की ते स्वतःच बरं खातात, पक्कं घर बांधतात, वेळेवर डॉक्टर गाठतात. चीनकडे बघा की.

काठावरचा
चीनच बघू. तिथे मुलं मोठ्या संख्येने वाचू लागली ती १९७८च्या आर्थिक सुधारणांच्या आधी. खेडोपाडी थोडंफार प्रशिक्षण देऊन तयार केलेले गावपातळीवरचे आरोग्यसेवक, म्हणजे ‘अनवाणी डॉक्टर’, लसी आणि स्वच्छतेच्या मोहिमा, एवढ्यावर. देश तेव्हा गरीबच होता.

रोखठोक
आणि त्याच सरकारच्या धोरणामुळे १९५९ ते ६१च्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली, ते सोयीस्कर विसरलात? ज्याच्या हाती तारायची ताकद देता त्याच्याच हाती मारायचीही देता. म्हणून मला सरकारपेक्षा लोकांच्या खिशातल्या पैशाचा भरवसा वाटतो.

काठावरचा
मुद्दा बिनतोड आहे. फक्त त्यातून ‘धोरणाने फरक पडत नाही’ असं निघत नाही, उलटच निघतं.

शेवंती
बांगलादेशचा उल्लेख आलाय म्हणून. १९८० ते १९९० या काळात तिथल्या ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर फिरल्या आणि हगवणीवर घरच्या घरी मीठ-गुळाचं पाणी कसं करायचं ते आयांना शिकवलं. सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पगाराची पद्धत. कार्यकर्तीला पैसे किती घरं फिरली यावर मिळत नसत. नंतर दुसरं कोणी जाऊन आईला काय आठवतंय ते विचारत असे, आणि त्यावर मोबदला ठरत असे. सरकारी योजनांमध्ये हे का दिसत नाही? तिथे नोंदवही भरली की काम झालं.

रोखठोक
ताई, ब्रॅक ही खासगी संस्था आहे. माझंच काम केलंत, धन्यवाद!

शेवंती
इतक्यात आभार नकोत. लसीकरण सरकारचं होतं, आणि १९९४पासून खेड्यातल्या मुलींना माध्यमिक शाळेसाठी मिळणारा भत्ताही. शिकलेल्या आईचं मूल जगण्याची शक्यता जास्त, हे तुम्हीही नाकारणार नाही. संस्थेने केलं ते सरकारने करू दिलं, हेही धोरणच.

हिशेबी
फुकटाबद्दल कोणीच बोलत नाहीये. फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही. थोडे तरी पैसे घ्यावेत.

काठावरचा
नेमकं हेच केनियात तपासलं गेलं. गरोदर बायकांना कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी काही ठिकाणी फुकट दिली, काही ठिकाणी थोड्या पैशांत. किंमत शून्यावरून ६० सेंटवर नेली तर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्केबिंदूंनी कोसळलं. आणि फुकट नेलेल्यांनीही ती विकत घेणाऱ्यांइतकीच वापरली.

हिशेबी
मच्छरदाणी एकदा दिली की संपलं. दवाखाना रोज चालवावा लागतो. युगांडाने २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतली फी रद्द केली, गर्दी वाढली, औषधं संपायला लागली. लोकांना ती बाहेरून विकत आणावी लागली. सर्वांत गरीब घरांवरचा आजारपणाच्या खर्चाचा भार त्याने हलका झालाच नाही. घोषणा झाली, त्यामागची तरतूद पुरली नाही.

काठावरचा
हे मान्य. फी काढायची तर तेवढे पैसे आणि औषधं आधी पोचवायला हवीत. पण म्हणून फी परत लावा? आजारी मूल कडेवर घेऊन आलेल्या बाईकडे पैसे मागितले की पुढच्या वेळी ती दोन दिवस थांबून येते. न्यूमोनियात दोन दिवस फार होतात.

पाटीवरची अक्षरं
पेरू या देशाचा अनुभव कोणी काढला नाही. वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाण २००८ मध्ये २८ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१६ पर्यंत ते १३ टक्क्यांच्या घरात आलं. प्रत्यक्ष किती फरक पडला, यावर निधी मिळत होता. अर्थव्यवस्था तेव्हा वाढत होती, हेही खरं. रोखठोक, अर्धा गुण तुम्हाला.

रोखठोक
अर्धा तर अर्धा. पण मेक्सिकोचं काय? १९९७ला प्रोग्रेसा सुरू झाली: मुलाला तपासणीला न्या, शाळेत पाठवा, पैसे मिळवा. जगभर नावाजली, नाव दोनदा बदललं, आणि २०१९ मध्ये नव्या सरकारने बंद केली. इतकं चांगलं धोरण एका निवडणुकीत जातं.

शेवंती
म्हणून ते कायद्यात बांधावं लागतं. ब्राझीलने १९८८च्या राज्यघटनेत आरोग्य हा हक्क केला, २०००च्या दुरुस्तीने किमान खर्चही ठरवून दिला.

रोखठोक
आणि २०१६ मध्ये घटनादुरुस्ती करूनच सरकारी खर्चावर २० वर्षांची मर्यादा घातली. बांधा अजून.