दोषाबद्दल शंका उरली असताना फाशी देता येते का?

जुळे सोलापूर
आमच्या अभ्यास मंडळात नुकतीच फाशीच्या शिक्षेवर चर्चा झाली. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येत नाही, पुढे सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज हे मार्ग असतात. तेव्हा इतक्या चाळण्यांतून निर्दोष माणूस फासापर्यंत पोहोचणे शक्यच नाही, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. मला ते पटले नाही, पण पुराव्यानिशी उत्तरही देता आले नाही. शंका उरल्यास फाशी टाळावी, असे न्यायालयांनी कुठे म्हटले आहे का?

सात रस्ता (वकिली करतो)
चाळण्या अनेक असल्या तरी प्रत्येकीत पडतात ते पोलिसांनी तपासात गोळा केलेले तेच कागद. महाराष्ट्रातलाच २००३ मधील खून आणि बलात्काराचा एक खटला पाहा. त्यात भटक्या जमातीतील सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने त्यांतील तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच दिली. त्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्या सर्वांची निर्दोष मुक्तता केली. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांवरून सुरुवातीला वेगळ्याच चौघांना ओळखले होते आणि त्या चौघांचा माग नीट काढलाच गेला नव्हता. ही ओळख पटवल्याची नोंद २००९ मध्येही अस्तित्वात होती. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाबद्दल प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. मधल्या काळात फाशी झाली असती, तर ती रक्कम द्यायची कोणाला?

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर 'होय' असे आहे. त्रिपुरातील एका अपिलात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली; मात्र मनात उरलेली शंका ही शिक्षा सौम्य करण्याची बाब मानून फाशी रद्द केली आणि जन्मठेप दिली.

होटगी रोड
हे तर्कात बसत नाही. शंका असेल तर आरोपीला सोडावे आणि नसेल तर कायद्यातील शिक्षा द्यावी. शंका आहे म्हणून जन्मठेप, हा कसला न्याय? ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांनी आणखी किती वर्षे तारखा मोजायच्या?

सिद्धेश्वर पेठ (निवृत्त शिक्षक)
मे १९३० मध्ये आपल्या शहरात उसळलेल्या दंगलीत पोलीस मारले गेले आणि त्याबद्दल धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. ते राज्य परकीय होते, वातावरण लष्करी कायद्याचे होते, म्हणून ही तुलना ताणू नये, हे मान्य आहे. तरीही खवळलेल्या जमावातील नेमक्या कोणाच्या हातून कोण मेले, हे शाबीत करणे किती अवघड असते, हे या चौघांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या सोलापूरकराला तरी वेगळे सांगावे लागू नये.

सात रस्ता
होटगी रोड यांचा आक्षेप रास्त आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. दोषसिद्धीसाठी 'वाजवी शंकेपलीकडे' पुरावा पुरतो. तेथे निखळ खात्री मागितली, तर बहुतेक खटले उभेच राहणार नाहीत. वाजवी शंका आणि निखळ खात्री यांमध्ये जी फट राहते, तीत माणसाला जन्मठेप देणेही अन्यायाचे ठरू शकते. पण जन्मठेपेतल्या माणसाला नवा साक्षीदार किंवा दडलेला जबाब हाती आल्यावर पुन्हा न्यायालयात येता येते. आप्तांच्या दुःखाबद्दल एवढेच म्हणेन की, चुकीचा माणूस फासावर गेल्यावर खऱ्या गुन्हेगाराचा शोध कोणी घेत नाही. वरच्या खटल्यातही खून झालेल्यांच्या कुटुंबाला सोळा वर्षांनंतर गुन्हेगार कोण, हे कळलेले नव्हते.