नाटकात उमेदवारी: जाऊ की नको? (शनिवारपर्यंत कळवायचंय)

काळा_पडदा (धागाकर्ता)
नमस्कार. एका नाट्यसंस्थेचे व्यवस्थापक म्हणालेत, "ये, आमच्याबरोबर राहा, काम शीक. पैशाचं नंतर बघू." नवं नाटक आहे, तालमी संपत आल्यात. शनिवारपर्यंत हो-नाही सांगायचंय. घरचे नको म्हणतायत. मला जायचंच आहे, पण हे 'नंतर बघू' म्हणजे काय ते कुणीतरी सांगा. उमेदवारी अशीच असते का? फुकट किती दिवस राबायचं? 'मनाचं ऐक' छापाचे सल्ले नकोत, प्लीज. लवकर सांगा.

विंगेतली_सावली
अरे पण तू कुठला, नाटक कुठे, काम कसलं? अभिनय की बॅकस्टेज? व्यावसायिक की प्रायोगिक? यातलं काहीच लिहिलेलं नाहीस आणि लवकर सांगा म्हणतोस.

रंगयात्री
सोड ते सगळं. दिल्लीला एनएसडीचा (राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा) फॉर्म भर. तीन वर्षं नीट शिक्षण होतं, वर विद्यावेतन मिळतं. नाहीतर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात थिएटर आर्ट्स आहे. पाया शास्त्रशुद्ध हवा. नाहीतर विंगेत चहा पोचवण्यात जन्म जाईल.

काळा_पडदा
पदवी नाही, त्यामुळे एनएसडी बाद. लाइट्सचं काम. मुंबई. व्यावसायिक.

विंगेतली_सावली
हं, आता बोलता येईल.

व्यावसायिक रंगभूमीवर बॅकस्टेजला महिन्याचा पगार नसतो, 'नाईट' असते. म्हणजे प्रयोगामागे ठरलेली रक्कम. प्रयोग झाला तर पैसे, रद्द झाला तर बहुतेक ठिकाणी हात हलवत परत. 'नंतर बघू' याचा सरळ अर्थ, तुझी नाईट ठरलेली नाही. तालमीचे आणि रंगीत तालमीचे पैसे नवख्याला मिळतीलच असं धरू नकोस. पहिले काही प्रयोग जेवण आणि प्रवासखर्चावर निघाले तर त्यात विशेष काही नाही. पण आकडा आधी ठरव, आणि तोही शुभारंभाच्या आधी. शुभारंभानंतर तू 'घरचा' होतोस, आणि घरच्या माणसाला पैसे द्यायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरं, प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी. सोमवार ते शुक्रवार मुंबईत राहायचं कुठे आणि खायचं काय? रात्री साडेआठचा प्रयोग सुटून सामान उतरवून टेम्पोत जाईपर्यंत शेवटची लोकल गेलेली असते. दादर-माटुंग्यात ओळखीचं कुणी आहे का?

कृष्णाकाठचा_आजोबा
मुलाचं गाव कोणतं ते अजून कळलं नाही. भाषेवरून सांगली-मिरजेकडचा वाटतो. तसं असेल तर मुंबईला जायचं कारणच काय? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सांगलीतच केलं. मराठी रंगभूमी तिथे जन्मली. आमच्या वेळी भावे नाट्यमंदिरात पडदा ओढायला मिळावा म्हणून पोरं रांगा लावायची.

तंजावरी
आजोबा, नमस्कार, पण जन्म वगैरे नका म्हणू. भाव्यांच्या आधी दीडशे वर्षं तंजावरच्या भोसले राजांनी मराठीत नाटकं लिहिली आहेत. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखितं आहेत.

कृष्णाकाठचा_आजोबा
हस्तलिखितं असतील. पण महाराष्ट्रात गावोगाव तिकीट लावून नाटक कुणी नेलं ते सांगा.

विंगेतली_सावली
हा वाद दर ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाला, होतोच. तेव्हा करू. पोराला शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

नियमावली
अप्रेंटिस कायदा १९६१ प्रमाणे उमेदवाराला विद्यावेतन देणं बंधनकारक आहे. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा, करार करून घ्या. शिवाय केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं.

विंगेतली_सावली
त्या शिष्यवृत्तीला गुरूकडे किंवा संस्थेत किमान ५ वर्षं शिकलेलं असावं लागतं. हा अजून पहिल्या दिवसाचं विचारतोय. आणि नाट्यनिर्मात्याला अप्रेंटिसचा करार दाखवून बघा. हसून चहा पाजेल.

नियमावली
हसला म्हणून कायदा बदलत नाही.

काळा_पडदा
हो, सांगली. अप्रेंटिसशिप माझी एकदा झालीय, कंपनीत. आयटीआय वायरमन आहे. आता कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, ती नोकरी सोडावी लागेल. म्हणून तर घरचे नको म्हणतायत.

डिमरवाला
वायरमन!! अरे, हे पहिल्या ओळीत लिहायचं सोडून काय लिहीत बसलास? मी वाचून पुढे जाणार होतो.

ऐक. लाइटवर उमेदवारी करायला येणाऱ्या दहातल्या नऊ पोरांना डिझायनर व्हायचं असतं आणि फेज-न्यूट्रल कळत नसतं. तुला ते येतं. जुना हॅलोजन 'पार' (PAR, डब्यासारखा स्टेजचा लाइट) एक हजार वॅटचा, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास. असे सहा एकाच लाइनवर टाकले तर काय होईल ते तुला कुणी शिकवायला नको. दौऱ्यावर हे सोनं आहे. प्रत्येक नाट्यगृहात बार (लाइट टांगायचे पाइप) वेगळे, पॉइंट वेगळे, रंगमंचाची खोली वेगळी. कुठे अर्थिंगचा पत्ता नाही. मुंबईत शिवाजी मंदिर नाट्यगृहात जे बसलं ते तालुक्याच्या हॉलमध्ये जसंच्या तसं कधी बसत नाही, आणि हाताशी दोन-तीन तास. त्यात बार खाली घे, लाइट टांग, जिलेटीन (रंगीत फिल्टर) लाव, फोकस कर.

पण एक लक्षात घे. लाइटचं सामान बऱ्याचदा निर्मात्याचं नसतं, भाड्याचं असतं. सप्लायरची माणसं वेगळी, नाटकाचा ऑपरेटर वेगळा, प्रकाशयोजना करणारा आणखी वेगळा. तो शुभारंभापर्यंत असतो, मग कधीतरी डोकावतो. तू कुणाच्या हाताखाली जाणार? नुसतं 'आमच्याबरोबर राहा' म्हणाले असतील तर तुला सेटवर घालतील, लेव्हल (सेटचे चौथरे) उचलायला. ते काम वाईट नाही, पण त्यातून लाइट येणार नाही.

रंगयात्री
म्हणजे मी म्हणतो तेच. शिक्षणाशिवाय हमाली. पदवी नसेल तर हेग्गोडूला नीनासम ही नाट्यसंस्था आहे, कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात. एक वर्षाचा डिप्लोमा. कन्नड लागेल, पण सांगलीच्या माणसाला ते जड नाही.

डिमरवाला
मी हमाली म्हटलेलं नाही. आणि डिप्लोमा घेऊन आलेल्यांनाही पहिले सहा महिने केबलच गुंडाळावी लागते. तीही सरळ गुंडाळता येत नाही म्हणून शिव्या खाऊन.

रंगयात्री
केबल गुंडाळून कुणी प्रकाशयोजनाकार झाला नाही. संहिता वाचायला कोण शिकवणार?

डिमरवाला
रोज रात्री तेच नाटक लाइटच्या कंट्रोल बोर्डामागे बसून बघितलं की संहिता आपोआप पाठ होते. क्यू, म्हणजे लाइट बदलायची खूण, वाक्यावर असतो. नट वाक्य खातो, पुढचं आधी घेतो, लोक टाळ्या वाजवतात म्हणून थांबतो, आणि तुझं बोट त्याच्याबरोबर चालावं लागतं. कुठल्या वर्गात मिळतं हे?

विंगेतली_सावली
दोघांचं चालू द्या. @काळा_पडदा, माझं मत: नोकरी लगेच सोडू नकोस. २०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा नाईटवर जगणाऱ्यांना धान्याची पाकिटं वाटावी लागली होती, मी वाटणाऱ्यांत होते. दौऱ्यात कोल्हापूर, सांगली, सातारा आलं की तिथून चढतो, असं विचारून बघ. आणि तिकडे राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र आहे, हौशी संस्थांना लाइट करणारा माणूस कायम हवा असतो. प्रकाशयोजनेला वेगळं बक्षीसही असतं. तिथे पहिल्या वर्षी अख्खं नाटक तुझ्या हातात येईल. मुंबईत बोर्डाला हात लावायला किती थांबावं लागेल, सांगता येत नाही.

आई_ठाणेकर
माझी मुलगी सातवीत आहे, छान नक्कल करते. ठाण्यात गडकरी रंगायतनच्या आसपास चांगलं उन्हाळी अभिनय शिबिर आहे का? खूप महाग नको.

कृष्णाकाठचा_आजोबा
ताई, मुलीला पाठांतर करायला लावा. नक्कल म्हणजे अभिनय नव्हे.

काळा_पडदा
आत्ता व्यवस्थापकांना फोन केला. तीन गोष्टी विचारल्या: नाईट किती, कुणाच्या हाताखाली, मुंबईत राहायचं कुठे. पहिल्यावर म्हणाले, "आधी काम तर बघू दे." दुसऱ्यावर, सेटवर ये, लाइटचं पुढे बघू. तिसऱ्यावर, सेटच्या गोडाऊनमध्ये मुलं झोपतात. मग वायरमन आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाले थांब, आणि फोन लाइटच्या ऑपरेटरकडे दिला. तो म्हणाला, टेस्टर घेऊन रंगीत तालमीला ये, शनिवारी. कंपनीत दोन दिवस रजा टाकली. नाईटचं त्याच्याशीच बोलू का, की व्यवस्थापकाशी?

डिमरवाला
पैसे व्यवस्थापकच देणार, पण आधी ऑपरेटरशी बोल. तो 'हा पोरगा मला हवा' म्हणाला तरच आकडा निघेल. टेस्टरबरोबर इन्सुलेशन टेप, पकड आणि हातमोजे घे. पार तापलेला असतो. कपडे काळे.

रंगयात्री
आणि जमलं तर संहिता मागून घे.

तंजावरी
आजोबा, तिकिटाबद्दल मी वेगळा धागा काढलाय. तिकडे या.